तिसावा चौकोन

पहिल्यांदा तो सिस्टरच्या नजरेत भरला तो खाटा मोजताना. अतिदक्षता वॉर्ड नवा कोरा होता, गाद्यांवरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं, आणि हा गृहस्थ बोट नाचवत मोजत होता.

"काय हो, खाटा चोरीला जातात की काय आमच्या?"

"नेटवर्कवाला आहे मी. प्रत्येक खाटेच्या मॉनिटरला पत्ता द्यायचाय. बत्तीस पत्त्यांची गल्ली घेतलीय, आम्ही सबनेट म्हणतो. पहिला पत्ता गल्लीच्या नावाचा, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायचा. ते दोन कुणाला देता येत नाहीत. उरले तीस. खाटाही तीस. एक पत्ता वाया नाही."

चिंधी न उरू देता कापड बेतणाऱ्या सासूबाई सिस्टरला आठवल्या. वॉर्डात त्याचं नाव पडलं 'खाटमोजे'.

मॉनिटर चालू केला की तो आपला पत्ता मागून घेई आणि काचेबाहेरच्या टेबलावरल्या मोठ्या पडद्यावर त्याचा चौकोन उजळे. तिसावा तेवढा काळा राही, कारण कोपऱ्यातली खाट कधी लागलीच नव्हती. त्या काळ्या चौकोनाची सिस्टरला सवय झाली.

मग साथ आली. एकेक खाट भरत गेली आणि कोपऱ्यात आले खाटमोज्यांचेच वडील. मॉनिटर सिस्टरनेच लावला.

"अप्पा, काळजी नको," मुलगा म्हणाला. "इथलं सगळं माझ्या हातचं आहे."

"म्हणूनच धाकधूक वाटते," अप्पा धापा टाकत म्हणाले.

तो औषधं आणायला गेला. परतला तेव्हा सिस्टर टेबलाशी शांत बसली होती, पडदाही शांत. काचेपलीकडे मात्र कोपऱ्यात लाल दिवा उघडझाप करत होता.

"सिस्टर, अप्पांचा चौकोन कुठंय?"

"ती खाट तर रिकामी..." सवयीने तिच्या तोंडून गेलं आणि दुसऱ्याच क्षणी ती धावली.

ऑक्सिजन मिळाला, पण मेंदूला उशिरा पोचला. तो भिंतीला टेकून बोटं मोडत उभा होता.

"दार विसरलो," तो पुटपुटला. "गल्लीतून तुमच्या टेबलापर्यंत यायला दार लागतं, राउटर. त्यालाही त्यातलाच एक पत्ता जातो. खाटांना उरतात एकोणतीस. सगळ्यात शेवटी चालू होईल त्याला काहीच नाही. रोजचं काम आहे हो माझं हे."

दुपारभर तो काळा चौकोन सिस्टरच्याच डोळ्यांसमोर होता.

त्याच संध्याकाळी त्याने गल्ली चौसष्ट पत्त्यांची केली.

अप्पा आता त्याच्याकडेच राहतात आणि डाव्या हाताने जेवतात.