ज्याला येतं त्यानं बसून राहावं

अजूनही एखाद्या वर्गावरून जाताना आतून पोरांचा एकसुरी गजर ऐकू आला की माझं डोकं फिरतं. लोक म्हणतात, "वा, काय शिकवतोय मास्तर!" मी म्हणतो, शिकवतोय कुठला, ओरडवून घेतोय. हा राग माझ्यात अकोल्यात भरला गेला, आणि तो भरणारा माणूस स्वतः कधी आवाज चढवून बोलला नाही.

अकोल्याला तेव्हा मास्तर तयार करण्यासाठी एक शाळा निघाली होती. आम्ही वीस-बावीस जण, सगळे मिसरूड फुटलेले, सतरंजीवर मांडी घालून शिकायला बसायचो. बाहेर कापसानं वऱ्हाडाला वेड लावलं होतं. साता समुद्रापलीकडे कुठं लढाई चालली होती, म्हणून आमच्या काळ्या जमिनीतल्या कापसाला सोन्याची किंमत आली होती. शाळेसमोरून दिवसभर कापसाच्या गाड्या जात आणि बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चमकत. अमरावतीजवळ आमचा भाजीचा आणि झेंडूचा मळा. माझा थोरला भाऊ निरोपावर निरोप धाडायचा, "कापसाच्या दिवसात पाट्या काय घासून राहिला? गाडी घे अन् ये." मी गेलो नाही. त्याचं कारण आमचे गणिताचे मास्तर.

मास्तर वऱ्हाडातलेच, कुणब्याच्या घरचे, किरकोळ अंगाचे. त्यांच्या वर्गाचा नियम उलटा होता. प्रश्न टाकला की ज्याला उत्तर येतं त्यानं बसून राहायचं. ज्याला येत नाही त्यानं उठून फळ्याशी जायचं आणि सगळ्यांसमोर झगडायचं. बाकीच्यांनी उत्तर सांगायचं नाही. त्यानं काही लिहिलं की फक्त विचारायचं, "काहून?" म्हणजे, का?

पहिल्या दिवशी मी मोठ्या ऐटीत हात वर केला तर मास्तर म्हणाले, "तुले येते? मंग बस की! तू उद्या मास्तर होशील तवा तुह्यासमोर न येणारेच बसतील. त्यायचं डोकं कुठं अडते, ते पाह्य."

मला असा राग आला होता! पण महिनाभरात चित्र पालटलं. फळ्याशी जायची लाज गेली. उलट दोन दिवस कुणी उठलं नाही तर चुकल्यासारखं वाटायचं.

दुसरे होते व्याकरणाचे शास्त्रीबुवा, पुण्याकडचे. आवाज खणखणीत. त्यांच्या वर्गाचा घोष पार कापसाच्या बाजारापर्यंत ऐकू जायचा आणि येणारेजाणारे माना डोलवायचे.

त्या हिवाळ्यात बातमी आली. डिपोटी साहेब तपासणीला येणार, दोन्ही वर्ग पाहणार, आणि जो उत्तम शिकवतो त्याला सगळ्यांसमोर पागोटं देणार. ज्याला पागोटं, त्याची जागा कायम. दुसऱ्याला मेळघाटात धारणीकडे नवी शाळा काढायला जावं लागणार. आमच्या काळजाचं पाणी पाणी झालं. मास्तर धारणीला गेले तर आम्हाला कोण शिकवणार? मी तर ठरवूनच टाकलं, मास्तर गेले की आपणही गाडी जुंपायची.

त्यात आणखी एक झालं. पागोटं डोक्याच्या मापावर आधीच बांधून ठेवावं लागतं. म्हणून साहेबांच्या माणसाच्या सांगण्यावरून पागोटं बांधणारा शाळेत आला आणि दोऱ्यानं माप घेऊन गेला. कुणाचं? शास्त्रीबुवांचं! कुणालाही वाटलं नव्हतं की ते दुसऱ्या डोक्यावर जाईल. मी रागानं लाल झालो. मास्तर मात्र खडू शोधत होते.

तपासणीच्या दिवशी शास्त्रीबुवांचा वर्ग असा गर्जला की खिडकीवरची कबुतरं उडाली. डिपोटी साहेब खूश होऊन आमच्याकडे आले. गोरेपान, पुणेरी गृहस्थ. मागं दप्तर घेऊन त्यांचा चपराशी, वऱ्हाडातलाच. शास्त्रीबुवाही येऊन बसले. साहेबांनी विचारलं, "त्रिकोणी शेताचं क्षेत्रफळ कसं काढाल?"

अरे देवा! हे तर आम्हाला झोपेतही येत होतं. सगळ्याच्या सगळ्यांना येत होतं. आणि म्हणूनच एकही जण उठला नाही.

साहेबांनी पुन्हा विचारलं. आम्ही ढिम्म. मास्तरांच्या कपाळावर घाम आला, पण त्यांनी खूण केली नाही की डोळा मारला नाही. साहेबांनी वही उघडली, टाक शाईत बुडवला. मी उठून उभा राहिलो.

मास्तरांचा चेहरा उतरला. "तुले येत नाही?"

"येते, मास्तर. मी दुसरं सांगाले उठलो." मग मी साहेबांना सगळा नियम एका दमात सांगितला. "आमाले येते, म्हणून आमी बसून हावोत, साहेब!"

साहेब हसले. "म्हणजे येतं म्हणून गप्प? फारच सोयीची युक्ती आहे ही." शास्त्रीबुवाही हसले. मग साहेबांनी मागं वळून चपराशाकडे बोट केलं. "हा कधी शाळेत गेलेला नाही. ह्याला येत नाही हे नक्की. शिकवा ह्याला. मी घड्याळ लावून बसतो."

चपराशी दप्तर खाली ठेवून फळ्याशी आला. घाबरला होता बिचारा. मी वहीतलं एक लांबट पान काढलं, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांमधून तिरपं फाडलं आणि दोन्ही तुकडे त्याच्या हातात दिले. बोललो काहीच नाही. त्यानं ते उलटसुलट करून पाहिले, एक तुकडा फिरवून दुसऱ्यावर ठेवला. दोन्ही तंतोतंत बसले.

"हे तं सारखेच हायेत," तो म्हणाला. "म्हंजे तिकोनी वावर चौकोनाच्या अर्धं."

"काहून?" सगळा वर्ग एकदम.

चपराशी भडकला. "काहून म्हंजे? एकावर एक बसले ना! डोये नाहीत का तुमाले?"

आम्ही खो खो हसलो. घड्याळावर फार वेळ गेला नव्हता. मला वाटलं झालं काम. पण चपराशी जागेवर परत गेलाच नाही. तो हातातल्या तुकड्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "पण मायं वावर असं नाही. याचा एक कोपरा सरळ हाये. माह्या वावराचा एकबी कोपरा सरळ नाही. मंग?"

मला आनंदानं उडी मारावीशी वाटली. आम्ही कुणी त्याला हे विचारलं नव्हतं. त्याचं त्यालाच अडलं होतं! मी नुसता खडू दिला. त्यानं आपलं वावर फळ्यावर काढलं, धुऱ्यावर, म्हणजे बांधाच्या रेघेवर, बोट ठेवून बराच वेळ उभा राहिला, आणि मग वरच्या टोकापासून खालच्या धुऱ्यावर एक सरळ रेघ सोडली. एका वावराची दोन झाली, दोन्हींना सरळ कोपरा. "आता होते!" तो साहेबांसमोरच ओरडला.

साहेबांनी टाक खाली ठेवला होता. ते खुर्चीतून अर्धे उठून फळ्याकडे पाहत होते. घड्याळ त्यांनी केव्हाच खिशात घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर सगळी शाळा जमली. शास्त्रीबुवा शेंडीला गाठ मारून, जुनं पागोटं काढून तयारीनं बसले होते. साहेबांनी उठून पागोटं हातात घेतलं आणि सरळ आमच्या मास्तरांच्या डोक्यावर ठेवलं. ते भुवयांवरून घसरून नाकापर्यंत आलं. आम्ही इतके ओरडलो की रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या. शास्त्रीबुवा क्षणभर गोरेमोरे झाले, मग पुढं होऊन म्हणाले, "माझ्या मापाचं आहे हो, जपून घाला." आणि स्वतःच्या हातानं त्यांनी ते मास्तरांच्या डोक्यावर नीट बसवलं. त्या दिवसापासून मी त्यांना मनातल्या मनात सगळं माफ केलं. पुढं धारणीला जाताना ते माझ्याकडून चार फाटलेली पानं मागून घेऊन गेले.

समारंभ झाल्यावर मास्तर वर्गात आले. पागोटं काढून त्यांनी मेजावर ठेवलं. ते खरोखरच गोंधळले होते.

"हे मले काहून भेटलं?" त्यांनी विचारलं. "मी तं काई केलं नाही. तुमीच शिकवलं. सांगा बरं कोणी."

वर्गात कुणीही उठलं नाही. मास्तरांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. आम्ही वीस-बावीस जण मांडी घालून, तोंड मिटून, त्यांच्याकडे पाहत बसलो होतो. त्यांचे डोळे भरून आले.

साहेबांचा चपराशी निरोप घ्यायला आला होता, तो तेवढा दाराशी उभा होता. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. तो झटकन उंबऱ्यावर बसला.