मोकळी जागा

बारामतीच्या शाळेत नववीच्या पोरांना शहराची आखणी शिकवताना सुकन्याबाईंनी त्यांच्याकडून पुठ्ठ्याचं अख्खं गाव करून घेतलं. ते बघायला त्यांनी मुद्दाम जयवंतराव इंजिनिअरांना बोलावलं. बाईंचे वडील सोनबा मेंढरं घेऊन कोकणात गेले असताना याच माणसानं त्यांचा धनगरवाडा नकाशात 'मोकळी जागा' दाखवून तिथं कॉलनी आखली होती. बाईंनी तेव्हापासून डूख धरला होता.

जयवंतरावांनी पुठ्ठ्यात आपला बंगला शोधला. त्या जागी सार्वजनिक मुतारी होती.

"माझं घर कुठाय?" ते ओरडले.

बाईंच्या तोंडी बापाची भाषा आली. "दिवाळीत पोरं पाहणीला आली, तवा तुमी महाबळेश्वरला व्हता. हितं माणूस दिसलं न्हाय, सायेब. मोकळी जागा धरली."