जळक्या तेलाचा एक पेला

माझ्या धाकट्या बहिणीच्या सासऱ्यांइतका जळक्या तेलाला जपणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा नसेल. लोक सोनं जपतात, सातबारा जपतात. हे गृहस्थ इंजिनातून काढलेलं काळंकुट्ट, कुणालाही नको असलेलं तेल जपतात. खडवली स्टेशनापासून थोडं आत त्यांचं घर आणि अंगणातच पत्र्याच्या शेडखाली त्यांचं दुकान. शेतातले पाण्याचे पंप, फवारणीची यंत्रं, टिटवाळ्याच्या नव्या इमारतींमधले जनरेटर, फार्महाऊसवाल्यांची गवत कापायची मशीन, जे जे म्हणून फटफटतं ते ते त्यांच्याकडे येतं. पंचाहत्तरी उलटली तरी पाना धरलेला हात थरथरत नाही. सगळे त्यांना दादा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो.

दादांच्या शेडमध्ये शिरताना चपला बाहेर काढाव्यात की काय असं वाटतं, इतकी तिथली जमीन स्वच्छ. प्रत्येक इंजिनाखाली एक परात. त्यातली पितळेची परात माझ्या बहिणीच्या रुखवतातली. ‘कणकेला स्टीलची पुरते’ असा निकाल देऊन त्यांनी ती स्वयंपाकघरातून उचलली, आणि बहिणीने त्यावर आठ दिवस अबोला धरला होता. एवढं करून एखादा थेंब खाली पडलाच तर काम थांबतं. लाकडाचा भुसा येतो, भुसा तेल पिईपर्यंत दादा उकिडवे बसून राहतात आणि मग तो चमच्याने उचलून झाकणाच्या डब्यात भरतात. जळकं तेल एका पिंपात, खराब पेट्रोल वेगळ्या कॅनमध्ये, सावलीत, घरापासून लांब. दोन्ही एकत्र झाली तर घेणारा दोन्ही घेत नाही, हे ते गिऱ्हाइकाला इतक्या गंभीरपणे सांगतात की ऐकणाऱ्याला कुणाच्या तरी पत्रिका जुळत नाहीत असं वाटावं. पाणी मिसळलेलं पेट्रोल काचेच्या बरण्यांमध्ये निवळायला ठेवलेलं असतं आणि प्रत्येक बरणीवर मालकाचं नाव. एकदा एक साहेब थंड पेयाच्या बाटलीत पेट्रोल घेऊन आले. दादांनी त्यांच्या मशीनला हातही लावला नाही. ‘उद्या तहान लागून कुनी तोंडाला लावली तं?’ एवढंच म्हणाले आणि भर उन्हात साहेबांना कॅन आणायला पिटाळलं.

पिंप भरलं की ते भिवंडीकडच्या, जुनं तेल शुद्ध करणाऱ्या एका परवानेवाल्या कारखान्यात जातं. त्या दिवशी दादा इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालतात आणि टेम्पोत ड्रायव्हरशेजारी न बसता मागे पिंपाला हात लावून बसतात. आपली पाठवणीसुद्धा एवढ्या काळजीने झाली नव्हती, असं माझी बहीण म्हणते.

गावात जळक्या तेलाला मागणी फार. दाराच्या चौकटीला वाळवी लागली की तेल, गटारात डास झाले की तेल. दादा कुणालाही देत नाहीत. शेजारच्या वाडीतल्या नानांनी चौकटीसाठी फक्त एक पेला मागितला होता. दादांनी त्यांचा पंप फुकट दुरुस्त करून दिला, पण पेला दिला नाही. नाना त्यांच्याशी बोलेनासे झाले, ते आठ वर्षं.

मी आधी हसायचो. मग एकदा बहिणीने मला घरामागची विहीर दाखवली. विहिरीला दादा बाव म्हणतात. ती त्यांच्या आजोबांनी खणलेली. गावात कुणाचंही लग्न असो, हळदीच्या अंघोळीचं पाणी याच बावीचं, अशी रीत होती. दादा तरुण असताना एका वर्षी त्यांच्या बायकोला, म्हणजे मावशींना, दोनदा मलेरिया झाला. बावीशेजारच्या मोरीत पाणी तुंबायचं, डास तिथेच व्हायचे. सगळे करत तेच दादांनी केलं. दुकानातलं जळकं तेल डबाच्या डबा त्या मोरीत ओतलं, दोन वर्षं. डास गेले, मावशी बऱ्या झाल्या. तिसऱ्या वर्षी हंड्यातल्या पाण्यावर रंगीत तवंग आला. तेव्हापासून हळदीच्या बायका या अंगणात आल्या नाहीत. दादांच्या स्वतःच्या मुलाच्या, म्हणजे माझ्या मेहुण्यांच्या लग्नातही पाणी दुसरीकडून आणावं लागलं.

त्यानंतर दादांनी मोरी उकरून माती बदलली, बाव कितीदा उपसली. दर वर्षी दिवाळीला मी भाऊबीजेला गेलो की ते एक पातेलं पाणी माझ्यापुढे ठेवतात. जन्म पेट्रोलजवळ काढल्याने त्यांच्या नाकाला वास कळत नाही. ‘पावनं, बगा. येतो का?’ वास यायचा. पुसट, पण यायचा. मी मात्र दर वर्षी ‘नाही येत, दादा’ म्हणायचो. दिवाळीच्या दिवशी म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवा, एवढाच माझा विचार.

यंदा भाचीचं लग्न ठरलं. दादांची ही एकुलती एक नात. माझा दाखला देऊन मेहुण्यांनी गावात सांगून टाकलं, की ठाण्याच्या पाहुण्यांनी स्वतः वास घेतलाय, हळदीचं पाणी यंदा आपल्याच बावीचं. हळदीच्या सकाळी बायका कळश्या घेऊन अंगणात आल्या. दादांनी पातेलं माझ्यापुढे ठेवलं.

‘पावनं, आज खरं सांगा.’

मी वाकलो. भाची पाटावर बसून माझ्याकडे बघत होती.

‘येतो,’ मी म्हणालो. ‘दर वर्षी येत होता, दादा. मी खोटं बोलत होतो.’

मला मान वर करवेना. दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

‘मना ठावं होतं. नाक गेलंय, डोले नाय गेले. उन्हात धरलं का बारीक तवंग दिसतो की. वर्साचा एक दिवस तुमच्या तोंडून “नाय येत” ऐकलं का बरं वाटायचं. पन आज पोरीच्या अंगाला लागायचं पानी हाय.’

मग त्यांनी रिकामा हंडा उचलला आणि ते नानांच्या वाडीकडे चालू लागले. मी मागोमाग गेलो. नाना ओटीवर बसले होते. दादांनी हंडा खाली ठेवला आणि म्हणाले, ‘नातीच्या हलदीला पानी पायजे.’ नानांनी एकदा हंड्याकडे पाहिलं, एकदा वाळवीने खाल्लेल्या आपल्या चौकटीकडे. मग उठून स्वतःच आपल्या बावीवर गेले. दोर सोडता सोडता, पाठमोरेच म्हणाले, ‘चांगलं हाय पानी. तू पेला दिला नाय ना, म्हनून.’

भाचीची हळद त्या पाण्याने झाली. दादा अंगणाच्या कडेला उभे राहून बघत होते आणि मावशी पदराने डोळे पुसत होत्या. निघताना दादा मला म्हणाले, ‘दिवाळीला या. पातेलं ठेवतो.’

मी जाणार आहे. आता खरं तेच सांगेन. पण कधीतरी एका दिवाळीला त्या पाण्याला खरोखर वास येणार नाही आणि मी पूर्वीसारखाच ‘नाही येत, दादा’ म्हणेन. ते ऐकायला दादा असावेत, आणि त्या वेळी त्यांना ते खरं वाटावं, एवढीच इच्छा आहे.