झाकायचं बटण

मुलीच्या खोलीच्या दारात तिचे शाळेचे मोजे पडलेले असले, की त्या वासाने मला खांदा कॉलनीतल्या एका शाळेची कॉम्प्युटर लॅब आठवते. बूट बाहेर काढूनच आत जायचं, त्यामुळे त्या बंद खोलीत मोज्यांचाच वास. मी तेव्हा ज्या संस्थेत काम करायचे, तिथे वयात येणाऱ्या मुलींसाठी आम्ही एक डिजिटल पुस्तक केलं होतं. चित्रावर क्लिक केलं की माहिती उघडायची. बटणं गुलाबी की जांभळी, यावर ऑफिसात भांडलोही होतो. नववीच्या मुलींना ते दाखवायला गेले, तर कुणी पहिल्या पानापुढे जाईना. विचुंबे गावाहून येणारी एक मुलगी स्क्रीनवर ओढणी धरून बसली होती. मी शेजारी बसले तेव्हा ती हळूच म्हणाली, "ताई, मागून कुणी आलं तर पटकन झाकायचं बटण नाय का यात?" पुढच्या खेपेला मी ते घेऊनच गेले. कोपऱ्यात दाबलं की महाराष्ट्रातल्या नद्यांचा नकाशा. त्या दिवशी ती पाळी उशिरा येणाऱ्या मुलींच्या पानावर थांबली, पुन्हा पुन्हा वाचत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे मला कायपन झालेलं नाय." तेवढ्यात दारातून सर आत आले. तिने बटण दाबलं. "वा, भूगोल चाललाय!" म्हणत सर खुशीत पुढे गेले आणि ती ओढणीत तोंड लपवून हसली. आता मी खोलीत शिरले की माझ्या मुलीच्या स्क्रीनवरही काहीतरी झटकन बदलतं. विचारावंसं फार वाटतं. पण मी मोजे उचलते आणि बाहेरून दार ओढून घेते.