दिवस मावळायच्या आत

रायगोंडाला एका जागी बसवत नाही. बायको गेल्यापासून कुंडलच्या मळ्यातला ऊस आणि म्हातारी आई, दोन्ही तो एकटाच बघतो. खुब्याचं हाड मोडून त्याच्या आईचं, सुंदरीकाकींचं, चालणं बंद झालं. मळ्यातून येऊन तोच भाकरी थापायचा. काकी मात्र जेवायच्या नाहीत. वयानं भूक मरते, असं तो शेजारच्या अंगणातून मला सांगायचा.

शेवटी त्याच्या लेकीनं पुण्याहून सांगलीतलं, म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारं एक नर्सिंग होम सुचवलं. काकींना घेऊन आम्ही ते बघायला गेलो.

खोट काढायचीच, असं ठरवूनच हा आला होता. त्यानं गादी दाबली, संडासातला कठडा हलवला, नळ सोडून बघितला. सगळं चोख होतं आणि तो चिडतच चालला होता. खोली बारकी हाय, म्हणाला. त्याच्या घरातली याच्या निम्मी आहे! मला त्याचा रागच आला.

मग त्याला भिंतीवरचं वेळापत्रक दिसलं.

"जेवान आठला? आमी जैन हाय. दिवस मावळल्यावर आई अन्नाला शिवत न्हाई. चला!" त्यानं काकींची चाकाची खुर्ची दाराकडं वळवलीसुद्धा.

"साडेपाचला देऊ की," नर्स म्हणाली. "तशा आणखी दोघी आहेत इथं."

रायगोंडानं खुर्ची दारातच थांबवली.

"मी ऱ्हाते हितं," काकी म्हणाल्या. "तू मळ्यातनं येतोस तवा रोज अंधार पडल्याला असतोय."

"पर तू तर म्हणायचीस, भूक न्हाई."

"मग काय म्हणू रं?"