कडेच्या माणसांचा रंग

भद्रावतीत मधुकरराव निखाडे यांचा फोटो स्टुडिओ आहे. गावात कोणी त्यांना मधुकरराव म्हणत नाही, सगळे भाऊ म्हणतात. कॉम्प्युटरचा कोर्स करून मी त्यांच्याकडे काम मागायला गेले, ती आमची पहिली भेट. भाऊंनी माझे सर्टिफिकेट पाहिले नाही. पडद्यावर एका लग्नाचा ग्रुप फोटो उघडला आणि म्हणाले, "नवरदेव-नवरी सोडून दे. ही शेवटची बाई कोन्या रंगाची दिसून राह्यली, सांग."

"वांग्याच्या," मी म्हटले.

भाऊ हसले. "उद्यापासून ये." एवढ्यावर माझी नोकरी पक्की झाली.

त्या वांग्याच्या रंगाची कुळकथा पुढे समजली. फिल्मच्या काळापासून भाऊंकडे एक वाइड अँगल लेन्स होती. डिजिटल कॅमेरा आल्यावर त्यांनी रिंग लावून तीच लेन्स त्यावर चढवली. नवी घ्या म्हणून आम्ही सांगून थकलो, पण त्या लेन्सविषयी भाऊ कोणाचे ऐकत नाहीत. या लेन्सची मागची काच फिल्मच्या जागी आलेल्या सेन्सरच्या फार जवळ येते. मधला प्रकाश सरळ पडतो, कडेचा तिरपा पडतो. फिल्मने हा तिरपेपणा चालवून घेतला, सेन्सर घेत नाही. त्यामुळे मधली माणसे माणसांच्या रंगाची निघतात आणि कडेची जांभळट, कधी दुसऱ्या बाजूची हिरवट. भाऊ त्यावर आपले साधे उपाय करीत. कडेला कुंडी ठेवीत, मांडवाचा पडदा ओढून घेत, नाहीतर कडा कापून टाकीत.

गिऱ्हाइकाच्या हट्टापुढे मात्र ते कधी वाकले नाहीत. एकदा नवरीचे मामा, पोरीला जरा गोरी करा म्हणून अडून बसले. भाऊंनी चहा मागवला आणि शांतपणे म्हणाले, "मामाजी, पोरगी फोटोत पाह्यली अन् घरी आली, तं सासूले वळखू आली पाह्यजे ना." मामा चहा पिऊन गेले. अल्बम पोरीच्या खऱ्या रंगातच गेला. माझ्या कामाच्या बाबतीतही ते असेच खऱ्याला धरून वागले. फोटोच्या मागे स्टुडिओच्या शिक्क्याखाली माझे नाव घालायला त्यांनीच सुरुवात केली. मी नको म्हटले, तर म्हणाले, "काऊन? डोळे तुहे गेले ना त्याच्यात?"

पण त्यांचा खरा मोठेपणा मी पाहिला तो उसेंडी कुटुंबाच्या कामात. एटापल्लीकडच्या एका जंगलातल्या गावात नवे गोटुल, म्हणजे गावाचे बैठकीचे घर, बांधून झाले, तेव्हा सगळ्या गावाचा एक फोटो काढायला भाऊंना बोलावणे आले होते. समोर मोकळी जागा थोडी, मागे सरकावे तर झाडे. तीच लेन्स लावावी लागली. आणि इथे कडा कापता येत नव्हती, कारण कडेलाही गावच उभे होते. भाऊंनी फोटो तसाच छापून दिला.

पुढे काही वर्षांनी त्या गावातली रंजना उसेंडी आईला, सोमीबाईंना, घेऊन स्टुडिओत आली. रंजनाचे लग्न तोंडावर आले होते. वडील मंगरूजी आदल्या वर्षी वारले होते. मांडवात बाबांचा फोटो असावा, एवढीच तिची इच्छा. मंगरूजींना फोटोचा भारी कंटाळा. आधार कार्डावरचा सोडला, तर गोटुलापुढचा तेवढा एकच, आणि त्यातही ते अगदी शेवटी उभे. अर्धे तोंड जांभळे. एका दुकानात तो दुरुस्त करून मागितला, तर त्यांनी माणूसच गोरा करून टाकला. सोमीबाई म्हणाल्या, "हा कोनी साहेब हाये. आमचा मानूस नाई."

भाऊंनी तो फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग मला म्हणाले, "हे माह्या हातचं हाये. मीच निस्तरतो."

मूळ फाइल सापडली. पांढऱ्या दुधी ॲक्रिलिकचा तुकडा लेन्सपुढे धरून कोरा फोटो काढायचा, कडेला किती रंग चढतो ते त्यात दिसते, आणि तेवढाच मूळ फोटोतून काढून टाकायचा, हा उपाय भाऊंना ऐकून माहीत होता. कटकटीचा म्हणून ते तो टाळत आले होते. आता लेन्सचे तोंड त्या दिवशी किती उघडे होते, हे कोणाला आठवणार? भाऊंनी प्रत्येक मापावर कोरा फोटो काढला आणि मी एकेक लावून पाहिला. गोटुलाची चुन्याची भिंत फोटोभर पसरली होती. ती मध्ये पांढरी आणि कडेलाही पांढरी झाली, तेव्हा माप जुळले.

तरी भाऊंचे समाधान होईना. त्यांनी सोमीबाईंना पडद्यापुढे बसवले. "बाई, आता तुम्ही सांगा."

"थोडे काळे करा. उन्हात राहत होते."

मी रंग जरा गडद केला. सोमीबाई पुढे वाकल्या, आणि त्यांना एकदम हसू फुटले. "आता रागावलेले दिसून राह्यले. हेच आमचे." मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला. रंजनाही रडली, मीही. भाऊ चष्मा पुसायला बाहेर गेले, ते लवकर आलेच नाहीत.

लग्नाला आम्ही एसटीने गेलो. मंगरूजींचा फोटो मधोमध खुर्चीवर होता. ग्रुप फोटोच्या वेळी रंजनाने भाऊंना कॅमेऱ्यामागून ओढून नेले, तर ते जाऊन अगदी टोकाला उभे राहिले. मी आधी दुधी तुकडा धरून कोरा फोटो काढला. मांडवातून एकजण म्हणाला, "बाई, झाकन तं काढा." भाऊंनीच त्याला गप्प केले. त्या दिवसापासून त्या कोऱ्या फोटोशिवाय आमच्याकडे एकही ग्रुप फोटो निघत नाही.

भाऊंना आता पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. गुडघे कुरकुरतात, नजर मात्र शाबूत आहे. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरव अंकासाठी काही सांगाल का, म्हणून मी रंजनाकरवी सोमीबाईंना विचारले होते. आम्हा सर्वांच्या मनातले त्यांच्याइतके नेमके मला लिहिता येणार नाही, म्हणून त्यांचा निरोप जसाच्या तसा देते: "भाऊले सांगजो, माहा बी मांडवातल्या खुर्चीवरचा फोटो त्यायनंच करून द्यायचा हाये. मले काई घाई नाई. त्यायनं बी करू नये."