बसायला लावणारे सर

खो-खो हा पळायचा खेळ, अशी माझी भाबडी समजूत होती. तिसगावच्या शाळेत आठवीत असताना आमच्या पीटीच्या सरांनी ती पार मोडून काढली. मुलींत सगळ्यात जोरात मी पळायचे, हे अख्ख्या शाळेला ठाऊक होतं. सरांनाही होतं. तरी रोज संध्याकाळी बाकीच्या मुली मैदानभर धावायच्या आणि मला मात्र ते दोन खांबांमधल्या रांगेत बसवून ठेवायचे. स्वतः मात्र हा माणूस कधी बसल्याचं आम्ही पाहिलं नव्हतं. शिट्टी तोंडात धरून सतत येरझाऱ्या.

माझं एकच दुखणं होतं. समोरून गडी पळताना दिसला की खो मिळायच्या आधीच मी उठायचे. लगेच फाउल. ते घालवायचा सरांनी विडाच उचलला होता. माझ्या पाठीमागून ते पाय आपटत यायचे, टाळी वाजवायचे, कधी नुसतंच ‘खो’ ओरडायचे. मी ताडकन उठले की पोरी फिदीफिदी हसायच्या.

“पाठीला हात लागला का? आवाज अन् हात, दोन्ही पायजे. कोन बी वरडू दे, उठायचं न्हाई. मान बी वळवायची न्हाई. बस खाली!”

मुरमाड मैदानावर उकिडवं बसून पोटऱ्या भरून यायच्या. डोक्यात तर असा राग जायचा की शिट्टी हिसकून विहिरीत टाकावी वाटे. घरी आईची वेगळीच तऱ्हा. “घरात बस म्हनलं तर टेकत न्हाईस, अन् तिथं बसायला शाळंत जातीस व्हय?”

तालुक्याच्या सामन्यांना पाथर्डीला निघालो. एसटीत सगळ्यांदेखत सरांनी मला बजावलं, “आज खोच्या आधी उठलीस, तर संघातून तुझं नाव कायमचं कटाप.” खिडकीकडे तोंड करून मी रडले. खेळण्यावाचून मला दुसरं काही सुचत नव्हतं, आणि हे त्या माणसाला चांगलं माहीत होतं.

अंतिम सामना अगदी अटीतटीला आला. वेळ संपत आलेली, त्यांची एकच मुलगी उरलेली. ती बाद झाली तर आम्ही जिंकणार. हुलकावण्या देत ती नेमकी माझ्या पुढ्यात आली, हात लांबवला तर वेणी हाताला लागेल इतकी जवळ. आमची पाठलाग करणारी माझ्या पाठीशी अजून पोहोचायची होती. तेवढ्यात रेषेबाहेरून आरोळी आली, “ऊठ! अगं ऊठ की!”

आवाज सरांचा होता.

उठले तर फाउल आणि नाव कटाप. न उठले तर सरांचा शब्द मोडला. पंच माझ्याकडेच बघत होते. मी दात आवळून बसून राहिले. मग पाठीवर थाप पडली, कानाशी ‘खो’ आलं आणि मी सुटले. त्या आरोळीने मी आधीच उठून फाउल करणार या भरवशावर ती मुलगी जरा रेंगाळली होती. तिच्या खांद्याला माझी बोटं लागली तेव्हा पोरींनी केलेल्या दंग्यात पंचांची शिट्टीही ऐकू आली नाही.

सर लाल होऊन धावत आले. “मी ऊठ म्हनलो, तर उठली का न्हाईस? ऐकू येत न्हाई?”

इतक्या दिवसांचा वैताग एकदम उसळला. “पाठीला हात लागला न्हवता, सर! तुमीच म्हनता ना, कोन बी वरडू दे!”

सरांची शिट्टी गळ्यात लोंबत होती. मग ते रांगेतल्या माझ्या जागेवर जाऊन मातीत फतकल मारून बसले.